मूठ तीच होती

हत्यार घेताना खिसा रडला तरी चालेल, पण वापरताना हात रडता कामा नये, असं बाबा म्हणायचे आणि तसंच वागायचे. हत्यारांच्या दुकानात ते शिरले की दुकानदार आधी चहा सांगायचा, कारण आता घाई करून उपयोग नाही हे त्याला ठाऊक असायचं. बाबा खोक्यातून एकेक पटाशी काढायचे. लाकडात खाच घ्यायचं साधं चपटं हत्यार ते. पण बाबा आधी ते डोळ्यासमोर आडवं धरून पाठ सपाट आहे का बघायचे, मग दोन बोटांत लोंबतं धरून नखाने टिचकी मारायचे आणि कान द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी धारेवरून अंगठा फिरवायचे. आडवा, हलकेच, डोळे मिटून.

"सुतारकाका, खरेदी करताय की सोयरीक जुळवताय?" दुकानदार विचारायचा.

"सोयरिकीत चूक झाली तर बायको सांभाळून घेते रे. ही नाही घेणार."

आणि बहुतेक वेळा चहा पिऊन, पटाशी खोक्यात ठेवून, रिकाम्या हातांनी घरी यायचे. कारण घरी त्या सहा होत्या, आणि त्यांच्यापुढे दुकानातलं काहीच टिकायचं नाही.

ज्या म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली बाबा शिकले, त्यांनीच त्या सहा पटाश्या बाबांना दिल्या होत्या. एका लोहाराने घडवलेल्या. तोंडाशी कडक पोलादाची पट्टी, मागे मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत एकजीव केलेली. पोलाद धार धरायचं, लोखंड दणका सोसायचं. तो लोहार कधीच गेला होता आणि त्याच्या भट्टीच्या जागी आता मोटारी धुतात. मुठी मात्र बाबांनी स्वतः घडवल्या होत्या. तरुणपणी करवतीने त्यांच्या उजव्या करंगळीची शीर तुटली, तेव्हापासून ती पुरती मिटत नसे. वर्षानुवर्षं त्या अर्धवट मिटलेल्या करंगळीने सहाही मुठींवर एकेक खळगा पाडला होता. दुसऱ्या कुणी पटाशी हातात घेतली की तो खळगा नको तिथे यायचा.

"मी मधला आहे," बाबा मुलीला सांगायचे. "माझ्याआधी त्यांच्या, माझ्यानंतर तुझ्या, तुझ्यानंतर तू ज्याला शिकवशील त्याच्या. मधल्या माणसाने वस्तू खाऊन टाकायची नसते."

मुलीला ते ढलपी म्हणायचे. लाकूड तासताना उडते ती ढलपी. लहानपणी ती इतकी किडकिडीत होती आणि दिवसभर त्यांच्या पायांशी अशी पडलेली असायची की एकदा आईने झाडून काढताना तिलाच केरसुणी मारली होती. पुढे ढलपी मोठी झाली, रुंद खांद्यांची झाली, बाबांच्या बरोबरीने दारं-खिडक्या करू लागली. घराला लागूनच असलेल्या त्यांच्या कारखान्यात दोन बाकं समोरासमोर असायची. पण नाव ढलपीच राहिलं.

बाबांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती पाजवण्याची. दगड ओला करायचा, पटाशीचा उतार त्यावर पुरता टेकवायचा आणि मनगट न हलवता पुढे-मागे न्यायचा. दुसरी गोष्ट शिकवली ती न पाजवण्याची. "हत्याराने मागितल्याशिवाय धार द्यायची नाही. दगडावर गेलेलं पोलाद परत येत नाही." एकदा तिने हौसेने एका दिवसात दोनदा पटाशी पाजवली, तर बाबांनी जेवणाच्या ताटावरून तिला ऐकवलं होतं. आई म्हणाली होती, "हत्यारांना रोज तेल, माझ्या डोक्याला आठवण झाली तर. लेकीला तरी सुखाने जेवू द्या."

मग बाबा विसरायला लागले.

आधी माप विसरले. रेघेच्या अलीकडे कापायची फळी पलीकडे कापली. मग पुन्हा कापली. ढलपीने हसण्यावारी नेलं. मग रस्ते गेले, मग माणसं. एका दुपारी त्यांनी आईला अगदी अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच आले," आई म्हणाली. "चुकून आले. आता परत जायला गाडी नाही."

बाबा हसले. आईही हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

करवत, रंधा, हातोडा ढलपीने एकेक करून उंच फळीवर ठेवले. बाबांनी विचारलंही नाही. राहिल्या त्या पटाश्या, आणि दगड. सकाळी चहा झाला की बाबा ओसरीवर बसायचे, दगड ओला करायचे आणि पाजवायला लागायचे. आणि तेवढा वेळ ते बाबा असायचे. पाठ ताठ व्हायची. मनगट जागचं हलायचं नाही. धार आली की अंगठा फिरवून हुंकार द्यायचे आणि पुढची उचलायचे. कधी कधी, मान वर न करता, म्हणायचे, "ढलपे, पाणी घाल गं दगडावर."

इतर वेळी ती त्यांच्यासाठी कुणीतरी बाई होती. जेवण वाढणारी, सदऱ्याची बटणं लावणारी, बरी बाई. नाव फक्त दगडापाशी यायचं. त्या एका हाकेसाठी ढलपी हातातलं काम टाकून कारखान्यातून धावत यायची, आणि तांब्या भरलेला असला तरी पुन्हा भरून आणायची.

सहा पटाश्या पाजवून, तेल लावून, बाबा त्या कापडावर ओळीने मांडायचे. मग जेवायचे, पडायचे. उठल्यावर ओळ दिसायची. "अरे! ह्या पाजवायच्या राहिल्याच की." आणि पुन्हा दगड ओला व्हायचा. संध्याकाळी पुन्हा.

ढलपीला ते कळायला वेळ लागला, कारण ती दगडाकडे नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत असायची. एक दिवस बिजागरीची खाच घ्यायला तिने सगळ्यात रुंद पटाशी नेली आणि ती हाताला आखूड लागली. तिने पातं उलटं करून पाहिलं. कडक पोलादाची पट्टी, जी उभ्या आयुष्यात नखभर झिजली नव्हती, ती आता अंगठ्याच्या पेरापेक्षाही कमी उरली होती. बाकीच्या पाचही तशाच. पोलाद संपलं की मागे नुसतं मऊ लोखंड. त्याला कितीही घासा, एका खाचेत धार मुडपणार. मग पटाशी म्हणायची आणि रंगाचा डबा उघडायला वापरायची.

संध्याकाळी तिने पटाशी आईपुढे ठेवली.

"अजून दोन-तीन महिने हे असंच चाललं ना, तर काही उरणार नाही आई."

आई भाजी निवडत होती. "मग?"

"मग काय? ह्या जपायला बाबांनीच शिकवलंय मला. मधल्या माणसाने खायची नाही, हे कोण म्हणायचं? मला उद्या हे पोलाद कुठे मिळणार?"

"तुला पोलाद हवंय."

"मला त्यांनी दिलेली वस्तू हवीये."

"झिजू दे की," आई म्हणाली. "माणूस झिजतंय डोळ्यांदेखत, तू लोखंडाचं काय घेऊन बसलीस?"

"लोखंड नाही, पोलाद," ढलपी म्हणाली, आणि आपण कुणासारखं बोललो ते तिच्या लक्षात आलं. आईच्याही आलं. आईने भाजीत मान घातली.

ढलपीला वाटलं, आपण बाबांचंच ऐकतोय. आताच्या नाही, आधीच्या. दोन बाबांमधल्या एकाचं ऐकायचं तर ज्यांना कळत होतं त्यांचं ऐकावं. शहाणपण तिच्या बाजूला होतं. दुसऱ्या दिवशी ती हत्यारांच्या दुकानात गेली आणि दाराशीच टांगलेली, रंगीत मुठींची, सहा पटाश्यांची जुडी तिने मागितली.

दुकानदाराने ती लगेच काढली नाही. "ताई, ह्या? तुम्हाला?"

"एका गिऱ्हाइकाला हव्यात."

"त्याला म्हणावं लोणी काप. जपून काप पण, लोणी थंड असलं तर वाकतील." मग पुडी बांधता बांधता आवाज उतरवून म्हणाला, "सुतारकाका कसे आहेत? ह्या माझ्या दुकानात टांगलेल्या बघितल्या असत्या तर मलाच टांगलं असतं त्यांनी."

"बरे आहेत," ढलपी म्हणाली. "पाजवतात रोज."

"वा! हात शाबूत आहे म्हणजे. हात शाबूत तर माणूस शाबूत."

बाबा झोपल्यावर, रात्री उशिरा, कारखान्याचं दार लावून तिने ते काम केलं. नुसत्या पटाश्या बदलून भागणार नव्हतं, हे तिला समजत होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण ती त्यांचीच चेली. रंगीत मूठ बाबांनी हातातसुद्धा धरली नसती. म्हणून तिने सहाही जुन्या मुठी हलके ठोकून पात्यांच्या, मुठीत शिरणाऱ्या शेपट्यांवरून उतरवल्या. नव्या पात्यांच्या शेपट्या कानशीने घासून मापात आणल्या आणि त्यांवर त्या मुठी बसवल्या. नव्या पात्यांची चकाकी मारायला ती रात्रभर चहापत्तीच्या पाण्यात बुडवून ठेवायची युक्तीही बाबांचीच; तीही तिने आदल्या रात्री वापरली होती. काम इतकं सफाईदार झालं की तिला क्षणभर अभिमानच वाटला. आज बाबांना दाखवता आलं असतं तर ते "हं" म्हणाले असते, म्हणजे फार झालं. खरी पाती तिने तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

सकाळी चहा झाला. बाबांनी दगड ओला केला. ढलपी कारखान्याच्या दारात, हातात पॉलिश पेपर घेऊन, काही न करता उभी राहिली.

बाबांनी पहिली पटाशी उचलली. करंगळी आपल्या खळग्यात गेली. दगडावर चार-पाच हात मारले आणि थांबले. दगडाकडे बघितलं. त्यावर जरा जास्त पाणी घातलं. पुन्हा चार हात. मग पटाशी उचलून अंगठा फिरवला, आणि लगेच दुसऱ्यांदा फिरवला, जसा त्यांनी आयुष्यात कधी फिरवला नव्हता.

"ही कुणाची?"

"तुमचीच बाबा."

"छे." ते चिडले नाहीत. बाहेर ढग आलेत म्हणावं तसं म्हणाले. "दगडाला चिकटते ही. हिच्यात ते नाही..." शब्द सापडेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत राहिले. "ती नाही ही."

तेव्हा ढलपी म्हणाली, "मूठ बघा ना बाबा. मूठ कुणाची आहे?"

बाबांनी मूठ बघितली. फिरवून, उजेडाकडे धरून. खळग्यात करंगळी घालून बघितली, काढली, पुन्हा घातली. ती बसत होती. जगात दुसऱ्या कुणाची बसली नसती.

"मूठ माझी," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "मूठ तर माझीच."

त्यांनी दुसरी पटाशी घेऊन अंगठा फिरवला. तिसरी घेतली. प्रत्येक वेळी आधी अंगठ्याने नाही म्हटलं आणि मग मुठीने हो. सहावी ठेवून झाल्यावर ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. ढलपीला अजून वाटत होतं की आता विसरतील, आता पहिली उचलून पुन्हा सुरू करतील.

"म्हणजे हा गेला," बाबा म्हणाले.

त्यांनी अंगठा कापडाने पुसला आणि हात मांडीवर ठेवून दिला. दगडावरचं पाणी वाळलं तरी ते तसेच बसून होते.

ढलपीने त्याच दुपारी मुठी परत ठोकून काढल्या, खऱ्या पात्यांवर चढवल्या, नवी पाती भंगारात टाकली. संध्याकाळी बाबांपुढे ओळ मांडली, दगड स्वतः ओला केला. "बाबा, ह्या पाजवायच्या राहिल्यात."

बाबांनी ओळीकडे पाहिलं, आणि हात शालीखाली घेतले.

"दुसऱ्या कुणाला सांगा," ते म्हणाले. "चांगली हत्यारं दिसतात. असला हात लावू नये त्यांना."

"अहो, फिरवून तर बघा अंगठा. एकदाच."

"मला कळत नाही हो आता त्यातलं."

तिने त्यांचा हात शालीतून काढून मूठ त्यांच्या तळव्यात ठेवली. बाबांनी ती धरली, तिचं मन राखायला धरावी तशी, आणि थोड्या वेळाने अलगद परत दिली.

आपण जेवलो की नाही हे विसरणारा माणूस ही एक गोष्ट विसरला नाही. का बसून आहोत हे त्यांना आठवत नसेल, पण हातांना काहीतरी सांगितलं गेलं होतं आणि हात ते मानत होते. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. चहा झाला की ते ओसरीवर यायचे, दगडाकडे पाठ करून बसायचे. पाठ वाकायला लागली. मग घास भरवावा लागू लागला, कारण चमच्यावरही त्यांचा विश्वास उरला नाही. "तुम्हीच द्या," म्हणायचे. आणि ढलपे म्हणून कुणी हाक मारेना.

 आईने सगळं पाहिलं होतं, सगळं तिला कळलं होतं. एकदा फक्त ओसरी पुसता पुसता दगड उचलून तिने भिंतीकडे सरकवला, आणि ढलपीकडे बघून पुन्हा जागच्या जागी आणून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ढलपीला वाटलं.

थंडी सरत आली होती. ती बाबांची शेवटची थंडी. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं आणि बाबा त्या दिवशी जरा हुशारीत होते. दोन घास जास्त जेवले होते. ढलपी त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"बाबा, तुमचा अंगठा बरोबर होता."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी पटाश्या बदलल्या होत्या. मुठी तुमच्या ठेवल्या आणि पाती दुसरी घातली. भिकार पाती. तुम्ही नाही म्हणालात ते खरं होतं. मीच खोटं बोलले."

गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घ्यायची बाबांची एक पद्धत होती, मान किंचित तिरकी करून. तशी मान करून त्यांनी ऐकलं.

"असं का केलंत?"

"त्या झिजत होत्या. मला त्या जपायच्या होत्या."

"जपायच्याच असतात," बाबा म्हणाले. "मग पुढे?"

"मग त्यांना वाटलं आपला अंगठाच गेला. त्यांनी पाजवणं सोडलं."

"तुमचे वडील?"

ढलपीने खाली बघितलं. "हो."

"अरेरे." बाबांनी खरोखरच वाईट वाटून जीभ टाळ्याला लावली. "कारागीर होते का?"

"फार मोठे."

"मग वाईट झालं. डोळा फसवतो हो, कान फसवतो, पण कारागीर अंगठ्यावर जगतो." त्यांनी शाल सावरून घेतली. "पण हे मला सांगून काय उपयोग बाई? त्यांना सांगा ना. चूक झाली म्हणावं. रागावतील घटकाभर. बाप आहे, किती रागावेल?"

"सांगू?"

"सांगा म्हणजे काय! आहेत ना ते?"

"आहेत."

"मग बसलात काय इथे? उठा. जा आधी."

ते हात हलवून तिला उठवायलाच लागले. इतक्या दिवसांत त्यांनी इतक्या निकराने काही मागितलं नव्हतं, म्हणून ती उठली. कुठे जायचं ते तिला कळेना. घराला वळसा घालून ती कारखान्यात गेली. दोन बाकांच्या मधे उभी राहिली. बाबांच्या बाकावरची धूळ तिने हाताने एका टोकाला लोटली. मग रडू ओसरेपर्यंत थांबली, तोंड धुतलं आणि परत ओसरीवर आली. एव्हाना ते विसरले असतील.

बाबा वाट बघत होते.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"रागावले?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

ढलपीला त्यांच्या वतीने एक शब्द बोलता येईना. एकदा खोटं बोलून झालं होतं.

"काहीच म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "म्हणजे लागलंय त्यांच्या मनाला," ते म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत जरासे सरकून त्यांनी तिला आपल्या शेजारी, उन्हात, बसायला जागा करून दिली.